पळाला की बुडाला? जॉन स्टोनहाऊसचं प्रकरण आणि पलायनाची इंग्रजी

24 डिसेंबर 1974 रोजी मेलबर्नच्या पोलिसांनी एका इंग्रजाला ताब्यात घेतलं आणि त्याला उजवी मांडी दाखवायला सांगितलं. मांडीच्या आतल्या बाजूला सहा इंचांचा व्रण सापडला असता, तर तो लॉर्ड लूकन ठरला असता. लंडनमधल्या बायकोमुलांच्या घरी मुलांच्या दाईचा खून झाल्यानंतर, नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून बेपत्ता असलेला हा सरदार सगळ्या जगाला हवा होता. पण मांडीवर व्रण नव्हता. सापडलेला माणूस होता जॉन स्टोनहाऊस: ब्रिटिश संसदेचा विद्यमान सदस्य, माजी मंत्री, आणि 34 दिवसांपूर्वी मायामीच्या समुद्रात बुडून मेला असं सगळ्यांनी धरून चाललेला.

या प्रकरणावर राजकारणाच्या अंगाने, हेरगिरीच्या अंगाने आणि घरगुती भानगडीच्या अंगाने भरपूर लिहिलं गेलं आहे. मला ते भाषेसाठी हवं आहे. पळून जाणं, सटकणं, गायब होणं यांसाठी इंग्रजीत वाक्प्रचारांची रेलचेल आहे. आपल्याकडची वाक्प्रचारांची पुस्तकं ते सगळे एकाखाली एक मांडतात आणि प्रत्येकासमोर ‘पळून जाणे’ असा अर्थ देऊन मोकळी होतात. परीक्षेत गुण मिळवायला तेवढं पुरतं. वापरायला गेलं की फसगत होते, कारण हे वाक्प्रचार पळणाऱ्याबद्दल फारसं सांगतच नाहीत. तो कुणाला टांग मारून गेला, हे सांगतात. भाडं थकलेला घरमालक, मागावर असलेला शिकारी, दिवाणखान्यात ताटकळलेला यजमान, असा कुणी ना कुणी प्रत्येक वाक्प्रचाराच्या मागे उभा असतो. एकाच माणसाच्या पलायनावर ते लावून पाहिले की हे लख्ख दिसतं. स्टोनहाऊस त्यासाठी सोयीचा, कारण त्याने सोडलेल्यांत यातला जवळपास प्रत्येक जण होता.

माणूस आणि त्याची कोंडी

जॉन थॉमसन स्टोनहाऊसचा जन्म 1925 सालचा, साउथॅम्प्टनचा. 1957च्या पोटनिवडणुकीत वेन्सबरीतून मजूर पक्षातर्फे तो संसदेत आला. पुढे विमान वाहतूक खात्याचा मंत्री झाला, नंतर पोस्टमास्टर जनरल. ब्रिटनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचं टपाल 1968मध्ये सुरू झालं ते त्याच्याच कारकिर्दीत, आणि पोस्टमास्टर जनरल हे शतकानुशतकांचं पदही त्याच्यापाशीच संपलं. 1970मध्ये पक्षाची सत्ता गेली आणि मंत्रिपदही गेलं. मग त्याने कंपन्या काढल्या. बांगलादेशच्या स्वातंत्र्याला त्याने मनापासून पाठिंबा दिला होता, तेव्हा ब्रिटनमधल्या बंगाली लोकांसाठी एक बँकही सुरू केली. कंपन्या चालल्या नाहीत. एकीचा खड्डा दुसरीच्या पैशाने बुजवायचा, दुसरीचा तिसरीच्या, असं सुरू झालं. हिशेब तपासणाऱ्यांचे प्रश्न वाढले. त्यात चेकोस्लोव्हाकियातून फुटून आलेल्या एका गुप्तहेराने तो त्यांच्यासाठी काम करत असल्याचा आरोप 1969मध्येच केलेला होता. तेव्हा तो सिद्ध झाला नाही. पुढे ब्रिटनच्या सुरक्षा सेवेच्या अधिकृत इतिहासाने तो खरा धरला आहे. त्याच्या मुलीला मात्र तो आजही मान्य नाही.

1974 उजाडेपर्यंत देणेकरी झालेल्या या खासदाराने आपल्या मतदारसंघातल्या दोन मृत पुरुषांची नावं उचलली. इंग्लंडमध्ये जन्माचा दाखला ही सार्वजनिक नोंद असते, शुल्क भरून कुणाचाही काढता येतो. दाखल्यावरून पासपोर्टचा अर्ज, त्यावर खोटी माहिती, आणि हातात खरा पासपोर्ट. दुसऱ्या नावाने बँकेत खाती. आणि पत्नीला पैसे मिळतील अशा आयुर्विम्याच्या पॉलिसी. हा शेवटचा धागा लक्षात ठेवायचा, कारण पुढे न्यायालयात सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरलं.

20 नोव्हेंबर 1974 रोजी मायामी बीचवर तो पोहायला म्हणून गेला. कपडे मागे राहिले, माणूस परतला नाही. त्या अवधीत तो मृत माणसाच्या पासपोर्टवर अमेरिका ओलांडून ऑस्ट्रेलियाकडे निघाला होता. मेलबर्नला पोचला, तिथून डेन्मार्कला जाऊन आपल्या सचिवाला, म्हणजे प्रेयसीलाही, भेटला आणि पुन्हा मेलबर्नला आला.

बातमीला क्रियापद कोणतं?

पहिल्या काही दिवसांत इंग्रजी वाचकासमोर एकच शब्दप्रयोग निर्धोक होता: ‘व्हॅनिश इंटू थिन एअर’, हवेत विरून जाणं. यात कुणावर ठपका नाही. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकात जादूने उभे केलेले नट हवेत, विरळ हवेत विरघळून जातात. ‘ऑथेल्लो’त विदूषक वादकांना हवेत नाहीसे व्हायला फर्मावतो. या दोन ओळींची सांगड नंतरच्या लोकांनी घातली आणि आजचा वाक्प्रचार तयार झाला. मूळ जादूचं असल्यामुळे त्यात नाहीसा होणारा स्वतः काही करत नाही, त्याचं काहीतरी होतं. माणूस बुडाला, पळवला गेला, मारला गेला की पळाला हे ठाऊक नसताना हेच बरं. मराठीत इथे ‘गायब झाला’ किंवा ‘बेपत्ता झाला’ चालेल. ‘पसार झाला’ चालणार नाही. त्यात आरोप आला.

आणि तेव्हा आरोप करायला लोक कचरत होते. संशय मात्र भरपूर होते. माफियांनी उडवलं असेल, पूर्व युरोपातल्या एखाद्या कम्युनिस्ट देशात पळाला असेल, वगैरे. 17 डिसेंबरला पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत उभं राहून स्टोनहाऊस हेर असल्याचा पुरावा नसल्याचं सांगितलं. बोलणं साहजिकच एखाद्या दिवंगत सहकाऱ्याची अब्रू सावरण्याच्या सुरातलं होतं. आठवडाभरात दिवंगत सहकारी मेलबर्नमध्ये मांडी दाखवत होता.

तो सापडला त्या क्षणी हवेत विरण्याची भाषा बाद झाली. आता कर्ता स्पष्ट होता, म्हणून क्रियापदही कर्त्याला चिकटणारं हवं होतं. ब्रिटिश बोलीत यासाठी एक साचा तयार आहे: ‘डू अ’ आणि पुढे नाम. ‘डू अ बंक’ हा एकोणिसाव्या शतकातला, शाळा बुडवणाऱ्या पोरापासून तिजोरी घेऊन जाणाऱ्या कारकुनापर्यंत सर्वांना लागणारा. ‘डू अ रनर’ त्याचा अलीकडचा भाऊ. हॉटेलात जेवून बिल न देता दारातून सुटणाऱ्याचं चित्र त्यात पहिलं येतं. दोन्हींमध्ये एक गोष्ट ठरलेली आहे: जाणारा काहीतरी देणं लागत होता. म्हणून तुरुंगातून सुटलेल्या निरपराध माणसाबद्दल ‘डू अ रनर’ म्हणणं कानाला खटकतं, आणि स्टोनहाऊसबद्दल म्हणणं चपखल बसतं.

त्याहूनही नेमका आहे ‘मूनलाइट फ्लिट’. ‘फ्लिट’ हा उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधला घर बदलण्यासाठीचा शब्द, मूळचा उत्तरेकडच्या दर्यावर्दी नॉर्स लोकांचा. भाडं थकलं की बिऱ्हाड चांदण्यात हातगाडीवर लादायचं आणि सकाळी मालकाने दार ठोठावण्याआधी दुसऱ्या गल्लीत पोचायचं. आपल्या ‘रातोरात गाशा गुंडाळणे’ यात हेच चित्र जवळपास जसंच्या तसं आहे. मला विचाराल तर, भर दुपारी निघालेला असूनही, स्टोनहाऊसच्या आर्थिक बाजूचं सगळ्यात प्रामाणिक वर्णन हेच. फक्त एक फरक: चांदण्यात बिऱ्हाड हलवणारा बायकोपोरांना बरोबर नेतो. हा गाशा गुंडाळून एकटा गेला, आणि बायकोपोरांच्या वाट्याला शोक ठेवून गेला.

‘कट अँड रन’ हा खलाशांचा. शत्रूचं जहाज दिसलं आणि नांगर ओढून घ्यायला वेळ नसला, की नांगराचा दोर तोडून वाऱ्यावर निसटायचं. नांगर जातो, जहाज वाचतं. आजच्या राजकीय इंग्रजीत हा भित्रेपणाचा टोमणा आहे. युद्धातून सैन्य मागे घेऊ पाहणाऱ्या पुढाऱ्यावर विरोधक तो हमखास फेकतात. या खासदाराला तो लागू पडत नाही, कारण त्यात घाई लागते. ज्याने महिनोन्‌महिने आधी पासपोर्ट आणि खाती तयार केली, त्याने दोर तोडला असं म्हणता येणार नाही. त्याने नांगर आधीच हळूच उचलून ठेवला होता.

‘फ्रेंच लीव्ह’ तर अगदीच सौम्य. यजमानाचा निरोप न घेता मेजवानीतून निघून जाणं एवढाच त्याचा गुन्हा, पुढे परवानगीशिवाय घेतलेल्या रजेलाही तो लागला. गंमत अशी की हाच असभ्यपणा फ्रेंच माणूस इंग्रजांच्या माथी मारतो. त्यांच्या भाषेत तो ‘इंग्रजी पद्धतीने सटकणं’ आहे. जर्मन आणि स्पॅनिश लोक या वादात इंग्रजांच्या बाजूने आहेत, त्यांच्याकडेही बदनामी फ्रेंचांचीच. हा वाक्प्रचार स्टोनहाऊसला लावला तर तो विनोद होईल, आणि ब्रिटिश वार्ताहर असा कोरडा विनोद करतात, तेव्हा वाचताना सावध राहावं.

यानंतरचे 34 दिवस शिकाऱ्यांच्या भाषेत मोडतात. इंग्लंडमध्ये कोल्ह्याची शिकार हा खानदानी उद्योग होता, त्यामुळे लपण्याची बरीचशी इंग्रजी कोल्ह्याच्या बाजूने बोलते. ‘गो टू ग्राउंड’ किंवा ‘गो टू अर्थ’ म्हणजे कोल्हा बिळात शिरणं. ‘थ्रो ऑफ द सेंट’ म्हणजे कुत्र्यांना वासावरून भरकटवणं. मायामीतले कपडे हे ‘रेड हेरिंग’ होते. धुरवून लाल झालेला हा उग्र वासाचा मासा माग काढणाऱ्या कुत्र्यांना चकवतो, असा दाखला विल्यम कॉबेट या पत्रकाराने 1807मध्ये दिला आणि तिथून त्याला आजचा अर्थ चिकटला. शिकारी खरोखर असं करत का, हा वेगळा मुद्दा. दाखला मात्र रुजला. मराठीत ‘दडी मारणे’ इथे इतकं चपखल आहे की दुसरं शोधूच नये. ‘भूमिगत होणे’ शब्दशः जवळचं वाटेल, पण त्याला आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्यातला मान आहे. विमा कंपनीला गंडवणाऱ्याला तो मान कशाला द्यायचा?

अमेरिकी ‘ऑन द लॅम’ मात्र यात ओढू नये. मायामी अमेरिकेत आहे हे खरं. पण त्या वाक्प्रचारातला माणूस पोलिसांच्या यादीवर असतो आणि त्याला ते ठाऊक असतं. मेलेल्या माणसाच्या मागे पोलीस नसतात. स्टोनहाऊसचा सगळा बेत याच एका गोष्टीवर उभा होता. बेत फसला तो बँकेच्या काउंटरवर. मेलबर्नमध्ये एका बँक कर्मचाऱ्याला दिसलं की एकच इंग्रज एका बँकेत एका नावाचा आहे आणि दुसऱ्या बँकेत दुसऱ्या. पोलिसांना वाटलं लूकन असेल. पाळत ठेवली, तर हा निघाला. खरोखर पळालेल्या एका माणसाच्या शोधात, मेलेला दुसराच हाती लागला.

पाखरं उडाली, पण जागा राहिली

इंग्लंडच्या संसदेत पळालेल्या सदस्यांची जुनी परंपरा आहे. 4 जानेवारी 1642 रोजी राजा पहिला चार्ल्स सशस्त्र शिपाई घेऊन पाच सदस्यांना पकडायला सभागृहात शिरला. ते आधीच निसटले होते. राजा म्हणाला, सगळी पाखरं उडाली आहेत असं दिसतं. ‘द बर्ड हॅज फ्लोन’ हा वाक्प्रचार त्याआधीही होता, पण या प्रसंगाने त्याला संसदेत कायमची जागा मिळाली. त्यातला सूर उशिरा पोचलेल्याचा आहे. ‘हातावर तुरी देऊन गेला’ म्हणताना आपल्याकडेही हसू पळणाऱ्याचं होत नाही, पकडणाऱ्याचं होतं.

स्टोनहाऊसचं वेगळेपण असं की पाखरू उडालं, सापडलं, आणि फांदी सोडायला तयार नव्हतं. ऑस्ट्रेलियातून त्याने स्वीडन आणि मॉरिशसकडे आश्रय मागितला, दोन्हींकडून मिळाला नाही. जुलै 1975मध्ये त्याला ब्रिटनला परत पाठवण्यात आलं. या सगळ्या काळात तो वॉल्सॉल नॉर्थ या आपल्या नव्या मतदारसंघाचा खासदार होता. ऑक्टोबर 1974च्या निवडणुकीत मजूर पक्षाचं बहुमत अवघ्या तीन जागांचं होतं, त्यामुळे एक जागा म्हणजे चेष्टा नव्हती. 20 ऑक्टोबर 1975 रोजी त्याने सभागृहात निवेदन करून सगळ्याचा दोष मानसिक खचण्याला दिला: जुन्या व्यक्तिमत्त्वाचं ओझं असह्य झालं, म्हणून समांतर दुसरं व्यक्तिमत्त्व जन्माला आलं, असं त्याचं म्हणणं. एप्रिल 1976मध्ये तो मजूर पक्ष सोडून इंग्लिश नॅशनल पार्टीत गेला आणि सरकारचं उरलंसुरलं बहुमतही घालवलं.

त्याला राजीनामा देता का आला नाही, असं कुणी विचारेल. ब्रिटिश खासदाराला राजीनामा देताच येत नाही, सतराव्या शतकापासूनचा तो नियम आहे. वाट एकच: राजाकडून पगारी पद स्वीकारायचं, म्हणजे सदस्यत्व आपोआप जातं. त्यासाठी दोन नामधारी पदं राखून ठेवली आहेत, चिल्टर्न हंड्रेड्स आणि नॉर्थस्टेडच्या जहागिरीची कारभारकी. ‘टेक द चिल्टर्न हंड्रेड्स’ हा म्हणूनच इंग्रजीतला सरकारी शिक्क्याचा पलायन-वाक्प्रचार आहे. ज्याने कपडे टाकून समुद्रातून सटकायचा घाट घातला, त्यालाही शेवटी, ऑगस्ट 1976मध्ये, या ठरलेल्या दारातूनच जावं लागलं. नोव्हेंबरमधल्या पोटनिवडणुकीत त्याची जागा हुजूर पक्षाने जिंकली.

न्यायालयाला वाक्प्रचार चालतो का?

प्रकरणाचा हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो, आणि वकील सोडून फारसं कुणी त्याकडे पाहत नाही.

खटला एप्रिल 1976च्या अखेरीस सुरू झाला आणि 68 दिवस चालला. स्टोनहाऊसने स्वतःचा बचाव स्वतःच केला. ऑगस्टमध्ये चोरी, फसवणूक, बनावट दस्तऐवज अशा 18 आरोपांत तो दोषी ठरला आणि सात वर्षांची शिक्षा झाली. आरोपपत्रात ‘पळाला’ असा आरोप नव्हता. पळणं हा गुन्हाच नाही. कपडे किनाऱ्यावर ठेवून निघून जाणं हाही नाही. प्रौढ माणसाला आपल्या आयुष्यातून निघून जायची मुभा आहे, कुणाला कितीही वाईट वाटो.

मग विम्याचं काय? पत्नीला पैसे मिळावेत म्हणून त्याने मरणाचं सोंग केलं, असा आरोप होता. पण पत्नीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि तिने विम्याचा दावाही केलेला नव्हता. पैसे कुणाला मिळालेच नाहीत, म्हणजे राहतो तो फक्त ‘प्रयत्न’. तोही मायामीत केलेला, इंग्लंडच्या हद्दीबाहेर. प्रश्न दोन: परदेशात केलेल्या सोंगाबद्दल इंग्लंडचं न्यायालय शिक्षा देऊ शकतं का, आणि नुसतं नाहीसं होणं हे विमा लुबाडण्याच्या ‘तयारी’त मोडतं की ‘प्रयत्ना’त? 1977मध्ये हे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लॉर्डांनी अपील फेटाळलं. परिणाम इंग्लंडमध्ये घडवायचा होता, म्हणजे तिथल्या न्यायालयाचा अधिकार चालतो. आणि स्टोनहाऊसने स्वतः करायचं ते सगळं करून टाकलं होतं, पुढचं काम त्याच्या मृत्यूची बातमीच करणार होती.

तयारी कुठे संपते आणि प्रयत्न कुठे सुरू होतो, हे सांगताना लॉर्ड डिप्लॉक यांनी जी कसोटी मांडली ती अशी: गुन्हेगाराने रुबिकॉन ओलांडलेली हवी आणि आपल्या होड्या जाळलेल्या हव्यात. पूर्ण अभ्यासाने लिहिलेल्या निकालात, नेमक्या जागी, दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी. इ. स. पूर्व 49मध्ये ज्युलियस सीझरने सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडली आणि माघारीची वाट बंद झाली. होड्या जाळण्यातही तेच. मराठी माणसाला याचा अर्थ कुणी सांगायला नको: ‘परतीचे दोर कापले’ म्हटलं की कोंढाण्याचा कडा आणि सूर्याजी आठवतो. पण पाहा, हे तिन्ही वाक्प्रचार पुढे चालून जाणाऱ्यांचे आहेत, लढणाऱ्यांचे. पळणाऱ्यांचे नाहीत. न्यायमूर्तींनी ते पलायनाला लावले आणि त्यातून पलायनाची एक खरी बाजू उघड झाली: नीट आखून केलेलं पलायन हेही एक आक्रमणच असतं, कुणाच्या तरी पैशावर आणि विश्वासावर केलेलं.

माझी एक कुरकुर आहे. स्टोनहाऊसने होड्या खरंच जाळल्या होत्या का? खासदारकी तशीच होती, आणि सापडल्यावर वेतन, सभागृहातली जागा, निवेदनाचा हक्क, सगळं त्याने वापरलं. पण हा भावार्थाचा आक्षेप झाला. विमा कंपनीच्या बाजूने पाहिलं तर 20 नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्याच्या हातून करायचं काहीच उरलं नव्हतं, आणि निकालाला तेवढंच पुरेसं होतं. शब्दचित्र कितीही देखणं असलं तरी कायद्याची कसोटी म्हणून ते टिकत नाही, हे मात्र पुढे दिसलं. संसदेने 1981च्या कायद्यात ‘निव्वळ पूर्वतयारीहून अधिक’ कृती असा रुक्ष शब्दप्रयोग वापरला, आणि 1990मध्ये नोंदवल्या गेलेल्या एका निकालात न्यायालयाने सांगून टाकलं की त्यासाठी परतीची वाट पुरती बंद झालेली असायलाच हवी असं नाही. रुबिकॉन ओलांडायच्या आत, नदीच्या पाण्यात उभ्या असलेल्यालाही आता पकडता येतं.

ज्याच्या नावाचा वाक्प्रचार झाला नाही

‘डू अ’ या साच्याचा आणखी एक उपयोग आहे. नामाच्या जागी माणसाचं नाव बसवता येतं. बंदोबस्तातून सुटणारा ‘हुडिनी’ करतो, बेड्यांतून निसटणाऱ्या त्या नावाच्या जादूगारासारखा. माग न ठेवता नाहीसा होणारा ब्रिटनमध्ये ‘लॉर्ड लूकन’ करतो. आणि कपडे किनाऱ्यावर ठेवून मरणाचं सोंग करणारा करतो ‘रेजी पेरिन’. मराठीत नाव लागतं ते वेगळ्या तऱ्हेने: माणसाचा अभिमन्यू होतो, कुंभकर्ण होतो. आपल्याकडे ते अंगावर येतं, इंग्रजीत माणूस ते करून दाखवतो. पलायनाच्या बाबतीत इंग्रजीची तऱ्हा मला जास्त खरी वाटते.

आता रेजी पेरिन कोण? काल्पनिक माणूस. डेव्हिड नॉब्ज यांच्या 1975च्या कादंबरीतला कंटाळलेला अधिकारी, जो कपडे समुद्रकाठी टाकून नव्या नावाने जगायला लागतो. त्यावरची बीबीसीची विनोदी मालिका सुरू झाली 8 सप्टेंबर 1976 रोजी, म्हणजे स्टोनहाऊसला शिक्षा होऊन जेमतेम महिना झालेला. ज्याने हे खरोखर केलं, त्याचं नाव वर्षभर मथळ्यात होतं. तरी भाषेने उचललं ते टीव्हीवरच्या माणसाचं. ‘डूइंग अ स्टोनहाऊस’ अधूनमधून लिहिलेलं दिसतं, पण समजावून सांगावं लागतं.

याचं कारण मला तरी साधं दिसतं: स्टोनहाऊस सापडला. लूकन सापडलाच नाही. त्याची गाडी न्यूहेवन बंदराजवळ मिळाली, 1975च्या मृत्युचौकशीत ज्युरीने खुनी म्हणून त्याचं नाव घेतलं, आणि मृत्यूचा दाखला निघाला तो थेट 2016मध्ये. एवढी वर्षं उघडा राहिलेला प्रश्न वाक्प्रचाराला खतपाणी घालतो. पेरिनचं उलट आहे. तो परत येतो, पण हसवत येतो. बायको, विमा, न्यायालय यांचा चिखल त्याला लागत नाही. स्टोनहाऊसच्या नावाला हे दोन्ही फायदे नव्हते. ‘त्याने स्टोनहाऊस केला’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पलायन नव्हे, पकडलं जाणं आठवतं, आणि मागोमाग ब्रिक्स्टनचा तुरुंग, हृदयविकार, 1979मधली सुटका. पळणाऱ्याची नक्कल करायला जो निघाला, त्याला इतकी सविस्तर पुढची गोष्ट नको असते. मार्च 1988मध्ये बर्मिंगहॅमला एका टीव्ही कार्यक्रमात बोलायला आलेला असताना तो सेटवरच कोसळला आणि पुढच्या महिन्यात वारला. कार्यक्रमाचा विषय होता बेपत्ता माणसं. तो तिथे जाणकार म्हणून आला होता.

2002मध्ये ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरून एक कर्जबाजारी गृहस्थ छोट्या होडीतून समुद्रात गेला आणि परतला नाही. पुढच्या वर्षी त्याला अधिकृतपणे मृत ठरवण्यात आलं, विम्याचे पैसे पत्नीला मिळाले, आणि 2007च्या डिसेंबरमध्ये तो स्वतःच लंडनच्या पोलीस ठाण्यात हजर झाला: काही आठवत नाही म्हणाला. वृत्तपत्रांनी त्याला होडीवाला हे टोपणनाव दिलं, आणि तुलना शोधायला गेले ते पुन्हा रेजी पेरिनकडेच. या वेळी पत्नी कटात सामील होती आणि पैसे खरोखर हाती आले होते, त्यामुळे प्रयत्न की पूर्वतयारी, होड्या जाळल्या की नाही, यावर कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. त्याने फसवणूक कबूल केली आणि त्याला सहा वर्षं तीन महिने मिळाली. आरोप नाकारणाऱ्या पत्नीला त्याहून तीन महिने जास्त.